प्राणदान आणि त्यानंतरचे ऋण

प्राण वाचविणे हे पुण्यकर्म होय, याविषयी आमच्या समाजात किंवा अन्य कोणत्याही समाजात दुमत आढळत नाही. बुडत्यास काठावर ओढणारा, आगीतून मूल बाहेर काढणारा, सर्पदंश झालेल्यास वेळेवर दवाखान्यात पोहोचविणारा, या सर्वांस आपण सारख्याच कृतज्ञतेने नमस्कार करतो, आणि तेथे आपला विचार थांबतो. वाचलेल्या माणसाचे पुढे काय झाले हे विचारण्याची आपणांस गरज वाटत नाही; कारण तो पूर्वी जसा होता तसाच आपल्या घरी परत गेला, असे आपण गृहीत धरतो. परंतु ज्यास 'पूर्वी' असे काही नव्हतेच, ज्याचे आयुष्य त्या वाचविण्याच्या क्षणापासूनच सुरू झाले, अशा जिवाविषयी हे गृहीत चालत नाही. जन्मतः न रडलेले, निळे पडलेले, हातपाय टाकून दिलेले मूल एखादी परिचारिका श्वास देऊन जागे करते, तेव्हा ती त्यास पूर्वस्थितीस नेत नाही. एका अज्ञात आयुष्याच्या उंबरठ्यावर आणून उभे करते. त्या आयुष्याचा आकार ठरविण्यात त्या काही मिनिटांचा वाटा किती, आणि त्या आयुष्याची जबाबदारी कोणावर, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पहिला प्रश्न वैद्यकाचा आहे, दुसरा नीतीचा. परंतु पहिल्याचे उत्तर नीट समजून घेतल्यावाचून दुसऱ्यास हात घालणे म्हणजे पोकळ उपदेश होय.

न रडणाऱ्या मुलास जागे करण्याची खटपट आजची नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात जन्मलेल्या बालकाच्या कानाशी दगडावर दगड आपटावा, तोंडावर थंड किंवा ऊन पाण्याचा शिडकावा करावा, आणि तरीही ते हालचाल करीत नसेल तर प्राण परत येईपर्यंत सुपाने वारा घालावा, असा विधी सांगितला आहे. खेड्यापाड्यांतील सुइणी अलीकडील काळापर्यंत थाळी वाजवीत, पाठ चोळीत, ती याच परंपरेची शाखा म्हणावयाची. महाभारतात तर आमच्या राजवंशाचा सारा धागाच अशा एका मुलावर येऊन ठेपला आहे. अश्वत्थाम्याच्या अस्त्राने उत्तरेच्या उदरी मृतवत् जन्मलेल्या परीक्षितास श्रीकृष्णाने जीवदान दिले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पण तिच्यातील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. महाभारतकार जीवदानाच्या चमत्कारापाशी थांबत नाहीत. तो मुलगा वाढला कसा, गादीवर बसला केव्हा, त्याने राज्य कसे केले, त्याच्या हातून चूक कोणती झाली आणि त्याचा शेवट कशाने झाला, हे सर्व ते सांगतात. जीवदानाची कथा जीवनाच्या कथेवाचून अपुरी आहे, हे त्यांनी जाणले होते.

आजची विद्या सुपाच्या वाऱ्यापाशी थांबलेली नाही. १९५३ साली व्हर्जिनिया ॲपगार ह्या अमेरिकन भूलतज्ज्ञ विदुषीने नवजात बालकाचा रंग, नाडी, चेतना, स्नायूंचा ताण व श्वास यांस प्रत्येकी शून्य ते दोन गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि त्यामुळे जगभरच्या प्रसूतिगृहांत जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटाकडे डोळसपणे पाहिले जाऊ लागले. पुढे असे दिसून आले की, बहुतेक गुदमरलेल्या बालकांस मोठ्या यंत्रांची गरज नसते. अंग पुसून ऊब देणे, श्वासमार्ग मोकळा करणे, आणि एवढ्याने न भागल्यास पिशवी व मुखवट्याने फुप्फुसांत हवा भरणे, इतके पुष्कळ होते. मात्र ते पहिल्या मिनिटातच सुरू झाले पाहिजे.

हे खेड्यातील बाईसही साधते, याचा पुरावा महाराष्ट्रानेच जगास दिला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' ह्या संस्थेने गावातल्याच स्त्रियांस नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात त्यांचा जो वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्यात ३९ गावांतील नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. तीव्र गुदमर झालेल्या बालकांपैकी पूर्वी शंभरांत ३९ दगावत, ती संख्या २० वर आली, असे त्यांच्या पुढील लेखावरून कळते. सरकारनेही २००९ पासून 'नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम' काढून परिचारिका व डॉक्टर यांस ही विद्या शिकविण्यास आरंभ केला. सारांश, जे पूर्वी देवाच्या हाती होते ते आता बऱ्याच अंशी माणसाच्या हाती आले आहे. आणि जे हाती आले त्याचा जाबही हातालाच द्यावा लागतो.

आता पुढे काय होते ते पाहू. प्राणवायूचा पुरवठा तुटला की इतर इंद्रियांपेक्षा मेंदू लवकर दुखावतो. हानी एकदम पुरी होत नाही. प्रथम आघात, मग काही तासांची फसवी शांतता, आणि त्यानंतर पेशींच्या नाशाची दुसरी लाट, असा तिचा क्रम असतो. म्हणून जन्मानंतर अर्ध्या तासाने गुलाबी दिसणाऱ्या मुलास दुसऱ्या दिवशी आकडी येऊ शकते. अशा काही मुलांस पुढे मेंदूचा पक्षाघात होतो, काहींची दृष्टी किंवा श्रवण मंदावते, काहींची बुद्धी खुंटते. विल्यम लिटल ह्या इंग्रज शस्त्रवैद्याने १८६१ साली लंडनमध्ये व्याख्यान देऊन कठीण प्रसूती व मुलाच्या अंगाचा ताठरपणा यांचा संबंध जोडला. तेव्हापासून लोकसमजूत अशी झाली की, जन्मतः गुदमरलेले मूल म्हणजे पुढे अपंग होणारे मूल, आणि अपंग मूल म्हणजे जन्माच्या वेळी कोणाचा तरी निष्काळजीपणा.

ही समजूत दोन्ही अंगांनी चुकीची आहे. मनोविश्लेषणाने पुढे विख्यात झालेल्या फ्रॉइडनेच १८९७ साली अशी शंका काढली होती की, कठीण प्रसूती हे पुष्कळदा कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचे लक्षण असावे. १९८१ साली अमेरिकेत कॅरिन नेल्सन व जोनस एलेनबर्ग यांनी सुमारे ४९ हजार बालकांच्या नोंदी तपासून जे दाखविले ते डोळ्यांत अंजन घालणारे आहे. ज्यांस पुढे मेंदूचा पक्षाघात झाला अशा मुलांपैकी ७३ टक्के मुलांचे पाचव्या मिनिटाचे गुण सात किंवा त्याहून अधिक, म्हणजे उत्तम होते. उलट, दहा मिनिटे वा त्याहून अधिक काळ ज्यांचे गुण तिनाच्या वर गेले नाहीत आणि तरीही जी जगली, त्यांपैकी ८० टक्के मुले शाळेच्या वयात मोठ्या अपंगत्वापासून मुक्त होती. त्या पहिल्या मिनिटांत भविष्य वाचता येते असे मानणाऱ्यांनी ह्या दोन आकड्यांचा शांतपणे विचार करावा.

पण आशेच्या ह्या आकड्यांवर विसंबून स्वस्थ बसणेही योग्य नव्हे. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात आठ वर्षांच्या मुलांची पाहणी करून १९८९ साली जो अहवाल निघाला, त्यात असे आढळले की, जन्मानंतर मेंदूच्या विकाराची सौम्य लक्षणे दिसलेली मुले शाळेत सोबत्यांच्या बरोबरीने चालत होती. परंतु मध्यम लक्षणांची मुले उघड अपंगत्व नसतानाही अभ्यासात मागे पडली होती. याहून सूक्ष्म गोष्ट इंग्लंडातील ब्रिस्टल परिसरातून २००९ साली पुढे आली. जन्मतः श्वास द्यावा लागला, पण नंतर एकही वाईट लक्षण दिसले नाही आणि जी 'सुखरूप' म्हणून घरी गेली, अशा ८१५ मुलांचा तेथील अभ्यासात समावेश होता. आठव्या वर्षी त्यांच्यात बुद्ध्यंक कमी असण्याचा संभव इतरांहून काहीसा, म्हणजे सुमारे दीडपटीहून थोडा अधिक, आढळला. ह्याचा अर्थ असा नव्हे की त्यांतील प्रत्येक मूल मंद होते. बहुसंख्य मुले अगदी सामान्यच होती. अर्थ इतकाच की, मृत्यू आणि आरोग्य यांच्या मध्ये एक मोठा संधिप्रकाशाचा प्रदेश आहे. त्यातील मुले चालतात, बोलतात, खेळतात, परंतु तिसरी-चौथीत गेल्यावर गणितापाशी अडतात, आणि मग गुरुजी त्यांस आळशी म्हणतात, बाप त्यांस मारतो, व कारण कोणाच्याच ध्यानात येत नाही.

येथे एक पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो कठोर असला तरी त्यास टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी म्हणेल, ज्या जिवास निसर्गाने श्वास दिला नाही त्यास बळेच श्वास देऊन आपण त्याच्यावर आणि त्याच्या मातापित्यांवर जन्मभराचे दुःख लादीत नाही काय? श्रीमंत देशास अशा मुलांची उस्तवार परवडते. सेनगाव किंवा कळमनुरीच्या डोंगराळ भागात, जेथे घरची बाई ऊसतोडीस गेल्यावाचून वर्ष निघत नाही, तेथे ही दया म्हणजे क्रूरता नव्हे काय?

ह्या आक्षेपास आमचे पहिले उत्तर ज्ञानाच्या मर्यादेचे आहे. जो मनुष्य 'ह्यास जगवू नये' असे म्हणतो, त्यास त्या मिनिटात पुढील आयुष्य दिसत असले पाहिजे; आणि ते दिसत नाही, हे वर दाखविलेच आहे. थांबण्याची रेषासुद्धा माणसानेच आखलेली व माणसानेच हलविलेली आहे. हृदयाचा ठोका दहा मिनिटांपर्यंत लागला नाही तर प्रयत्न सोडण्याचा विचार करावा, असे २०१० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ सांगत होते. २०२० साली त्यांनी ती मर्यादा सुमारे वीस मिनिटांवर नेली, कारण दहा मिनिटांनंतर जगलेल्यांपैकी काही मुले चांगली निघाली होती. मर्यादा मुळीच नसावी असे आम्ही म्हणत नाही. ज्याचा मेंदू पुरता गेला आहे अशा देहात यंत्राने श्वास चालू ठेवणे हे प्राणदान नव्हे, आणि तो निर्णय मातापित्यांना विश्वासात घेऊन शांतपणे करावा लागतो. परंतु पहिल्या मिनिटात पिशवी हाती घ्यावी की नाही, हा प्रश्नच नव्हे.

दुसरे उत्तर आम्हांस छांदोग्य उपनिषदातील प्राण व इंद्रिये यांच्या कलहात सापडते. आपल्यात श्रेष्ठ कोण, हे ठरविण्यासाठी वाणी, डोळे, कान, मन ही एकेक वर्ष शरीर सोडून जातात. शरीर मुक्याप्रमाणे, आंधळ्याप्रमाणे, बहिऱ्याप्रमाणे जगते. मन गेले तेव्हा ते मन न उमललेल्या बालकाप्रमाणे जगते. प्राण निघू लागताच मात्र सर्वांचे खुंट उपटले जातात. ह्या आख्यायिकेतून प्राणाचे श्रेष्ठत्व सर्वजण शिकतात. पण परतलेले प्रत्येक इंद्रिय काय विचारते, इकडे क्वचितच कोणी पाहतो. माझ्यावाचून तुम्ही कसे जगू शकलात, असे ते विचारते. तुम्ही जगावयास हवे होते काय, असे त्यांपैकी एकही विचारीत नाही. आमच्या मते नीतीचा प्रश्न नेमका येथे आहे. मुक्या, आंधळ्या किंवा मंद जीवनाच्या हक्काविषयी संशय घेण्याचा अधिकार कोणास नाही. ते कसे जगते, हे विचारण्याचे कर्तव्य मात्र सर्वांवर आहे.

आणि हेच कर्तव्य आपण करीत नाही. मेलेल्या बालकांची आपण मोजदाद करतो. दर हजारी किती, मागच्या वर्षीहून किती कमी, यांचे तक्ते होतात, आणि ते व्हावयासच हवेत. परंतु वाचलेल्यांपैकी किती मुले तिसऱ्या महिन्यात मान धरू शकली, कितींची मूठ अंगठा आत घेऊन घट्ट मिटलेली राहिली, किती शाळेत गेली आणि किती मधूनच सुटली, ह्याचा तक्ता मागणारा क्वचितच भेटतो. वाचविण्याचे पुण्य एका मिनिटाचे असते व त्यास साक्षीदार असतात. वाढविण्याचे कष्ट वीस वर्षांचे असतात आणि त्यांस साक्षीदार नसतो. हे कष्ट बहुतेक एकट्या आईच्या वाट्यास येतात. तिलाच दोषही मिळतो: ग्रहणात काय चिरले, कोणाची नजर लागली, पाय कसा पांढरा, याची चौकशी होते. ज्यांच्या ओठी हे शब्द येतात त्यांस फ्रॉइड किंवा नेल्सन ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ज्यांस ठाऊक आहे त्यांनी गप्प बसणे हा मात्र अपराध होय.

हिंगोली जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. येथील गंभीर रुग्णास पुढील उपचारांसाठी नांदेडची वाट धरावी लागे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले, ही समाधानाची गोष्ट. याच जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या प्रयोगशाळेस केंद्र सरकारने २०२३ साली मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे ते यंत्र कोट्यवधी वर्षांपूर्वी कोठेतरी आदळलेल्या ताऱ्यांचा, अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म असा कंप नोंदविणार आहे. त्या उद्योगाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्याच माळावरच्या एखाद्या वस्तीत चार महिन्यांच्या मुलाचे पाय कात्रीसारखे ताठ होऊ लागले, तर तो कंप टिपण्यास यंत्र लागत नाही. जाणती नजर आणि ठरलेला दिवस एवढेच लागते. आकाशातील क्षीण खुणा वाचणाऱ्या समाजास अंगणातील खुणा वाचता येऊ नयेत, हे आम्हांस शोभत नाही.

साधने मुळीच नाहीत असे नव्हे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे ज्याचा आरंभ झाला त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत मुलांची तपासणी करण्याची व विकासातील दिरंगाईवर उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्र असण्याची योजना आहे. आशा कार्यकर्तीने नवजात बालकाकडे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आणि पुढे पंधराव्या महिन्यापर्यंत ठरावीक दिवशी जावे, अशीही व्यवस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मेंदूच्या पक्षाघातास स्वतंत्र स्थान दिले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात तर १९८७ ते १९८९ या काळात अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या कमी वजनाच्या बालकांचा मागोवा ती अठरा वर्षांची होईपर्यंत घेतला गेला. म्हणजे असे करणे आपल्याकडे अशक्य नाही. उणीव योजनेची नसून दृष्टीची आहे: घरी पाठविणे हा शेवट आहे, ही दृष्टी.

यंत्रे आणली की काम झाले, ह्या भ्रमाचाही येथे निरास केला पाहिजे. गुदमरलेल्या बालकाचे शरीर जन्मानंतर सहा तासांच्या आत थंड करून तीन दिवस तसेच ठेवल्यास मेंदूची हानी कमी होते, असे पाश्चात्त्य देशांत सिद्ध झाले. इंग्लंडातील एका प्रयोगात सहा-सात वर्षांच्या वयात सामान्य बुद्धीने जगणारी मुले ३९ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेली. तोच उपाय भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील ४०८ बालकांवर करून पाहिला गेला. मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय त्यात होते. २०२१ साली निष्कर्ष आला तो असा की, उपायाने अपंगत्व घटले नाही, आणि मृत्यू मात्र ३१ टक्क्यांवरून ४२ वर गेले. आमच्याकडील बालकांची हानी जन्माच्या पुष्कळ आधीपासून चालू झालेली असावी, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. तसे असेल तर ऋणाची मुदत जन्मापासून नव्हे, गरोदरपणापासून धरली पाहिजे: आईच्या अन्नापासून, तिच्या रक्तापासून, कळा सुरू झाल्यावर तिच्या उशाशी कोणी जाणते आहे की नाही येथपासून.

शेवटी एक नाजूक प्रश्न उरतो. ब्रिस्टलसारख्या अभ्यासांचे ज्ञान मातापित्यांस सांगावे काय? सांगितले तर, ज्या मुलास काहीच होणार नव्हते त्याच्या कपाळी 'मंद' हा शिक्का बसण्याची भीती. खेड्यात असा शिक्का पुसला जात नाही, आणि मुलगी असेल तर तो तिच्या लग्नापर्यंत पाठ सोडीत नाही. न सांगितले तर, ज्यास मदत लागणार होती त्याची अमोल वर्षे वाया जाण्याची भीती. समूहाविषयीचे सत्य व्यक्तीवर लादणे हा तर्काचा दोष आहे, हे तर्कशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल. परंतु तेवढ्यावरून सत्य झाकून ठेवण्याचा हक्क मिळत नाही. आम्हांस मार्ग असा दिसतो की, भविष्य सांगू नये, भेटीचा दिवस सांगावा. 'तुमचे मूल असे होईल' हे कोणासच ठाऊक नाही. 'तुमच्या मुलास जन्मतः श्वास द्यावा लागला, म्हणून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी आणि शाळेत घालताना त्यास दाखवावयास आणा' हे मात्र निःशंकपणे सांगता येते. त्यात सत्यही आहे आणि शापही नाही. आणि ती आई ठरल्या दिवशी आली नाही, तर तिच्या घरापर्यंत जाणे हे तिच्यावरचे उपकार नव्हेत.

कारण ज्याने श्वास दिला तो त्या मुलाचा धनको झाला, असे आपण समजतो. वस्तुतः तो ऋणको झालेला असतो. मुलाने जीवदान मागितले नव्हते. ते आम्ही आपल्या विद्येने, आपल्या करुणेने, आपल्या धर्मबुद्धीने दिले, आणि देऊन योग्यच केले. पण तो श्वास जेथवर चालेल तेथवर त्याची विचारपूस करण्याचे बंधन त्याच क्षणी आमच्यावर आले. प्रसूतिगृहातील वहीत 'बाळ रडले' अशी नोंद होते, तीसोबत 'पुढे केव्हा पाहावयाचे' ही दुसरी नोंद त्याच शाईने होऊ लागेल, त्या दिवशी ह्या ऋणाच्या फेडीस आरंभ झाला असे म्हणता येईल.